धामणीचा केस पेपर

माझ्या कपाटात एक केस पेपर जपून ठेवलेला आहे. शाळेच्या वहीतली चार पानं, पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, वजन, जखम, इंजेक्शन, पाणी, खाणं, शी. पेशंटच्या नावाच्या जागी मी आधी नुसतं 'धामण' लिहिलं होतं. पुढे सासूबाईंनी त्यापुढे 'लांडोबा' लिहायला लावलं.

एकतीस वर्षं मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सवय जात नाही. घरात कुणाला ताप आला की माझा हात आधी मनगटावर जातो आणि नजर घड्याळावर.

मृग लागायला चार-पाच दिवस होते. आमच्या कृष्णाकाठी उसाचा खोडवा मोडून सोयाबीनसाठी रान तयार करायची घाई चालली होती. दुपारी बाराला भाच्याचा फोन आला. "मावशी, घरात सलाइनची बाटली आहे का? आणि बीटाडीन?" भाचा सर्पमित्र आहे. मला वाटलं, त्यालाच काही झालं. "मला नाही गं. रोटरमध्ये धामण सापडलीय."

रोटर म्हणजे ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर. त्याची पाती जमीन वीतभर खोल ढवळून काढतात आणि त्या मातीत जे असेल ते सगळं फिरतं. बहुतेक वेळा सापाचे तुकडेच वर येतात, ते कुणी बघतही नाही. या वेळी ट्रॅक्टरवरच्या पोरानं पाहिलं आणि ट्रॅक्टर बंद केला. गळ्यातला टॉवेल सोडून तिच्यावर टाकला आणि भाच्याला फोन लावला. तो पोर कोण होता ते पुढे सांगते. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

साडेसहा फुटांची धामण. शेपटीचं टोक, साधारण वीतभर, गेलेलं. त्याहून वाईट जखम अंगावर होती. डोक्यापासून दोन तृतीयांश अंतरावर चार बोटं लांबीची. कातडी सोलवटून एका बाजूला लोंबत होती आणि आतलं मांस गुलाबी दिसत होतं. दोन बरगड्या तुटलेल्या. माती, पाचटाची कुसं, आणि इतक्या लवकर माश्यांनी घातलेली अंडीसुद्धा, तांदळाच्या कणीसारखी, जखमेच्या कडेला चिकटलेली. मी माणसांच्या जखमा आयुष्यभर धुतल्या. कोयत्याच्या, मळणीयंत्राच्या, अपघाताच्या. पण तिथं कण्हणं असतं, शिव्या असतात, आईची आठवण असते. इथं काहीच आवाज नव्हता. जीभ तेवढी आत-बाहेर होत होती.

तालुक्याच्या दवाखान्यातले पशुवैद्यक दिवसभर गाई-म्हशी बघतात. साप त्यांनी आधी दोनदाच हाताळले होते. पण "जमणार नाही" असं ते म्हणाले नाहीत. आपल्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला, विचारलं, लिहून घेतलं आणि मग हातमोजे चढवले. डोकं आणि पुढचं हातभर अंग एका पारदर्शक नळीत सरकवलं, म्हणजे तिला चावता येत नाही आणि आपल्याला तिचा श्वास दिसतो. भाच्यानं नळी धरली, मी सलाइन सोडत गेले, डॉक्टर चिमट्यानं एकेक कुस काढत गेले. जागा बधिर केली. टाके घालताना ते मला दाखवत होते, "सिस्टर, हे बघा. सापाची कातडी आतल्या बाजूला वळते. कडा बाहेर उचलून टाका नाही घातला तर जखम जुळत नाही." तेवीस टाके. मी मोजले, कारण मोजायची सवय आहे.

इंजेक्शनची जागा बघूनही मी चकित झाले. अंगाच्या पुढच्या भागातच द्यायचं. मागच्या भागातलं रक्त हृदयाकडे परतायच्या आधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं, मग औषध अंगात फिरायच्या आधीच बाहेर पडायची भीती. आणि अँटिबायोटिक दिवसातून तीनदा नाही, दर तिसऱ्या दिवशी एकदा. तिचं अंग आपल्यासारखं भट्टी पेटवून बसत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढ्या वेगानं आतलं काम चालतं, औषधसुद्धा त्याच वेगानं.

तिला ठेवायचं कुठं, हा प्रश्न उरला. वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र लांब, आणि एवढ्या प्रवासात टाके टिकतील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. वनरक्षक आले, पंचनामा झाला, नोंद झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बरी होईपर्यंत, सर्पमित्राच्या जबाबदारीवर, असं ठरलं. भाच्याच्या घरी लहान मूल आहे. आमच्या परड्यात गोठ्याला लागून एक खोली रिकामी होती.

हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. 1972 च्या कायद्यानं साप वन्यजीव आहे, तो मनात आलं म्हणून घरात ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. जखमी साप दिसला तर वन विभागाला 1926 वर फोन करावा, लांब उभं राहून लक्ष ठेवावं. माझ्या हाताशी डॉक्टर होते, परवानगी होती, साप हाताळणारा भाचा होता. यातलं एक जरी नसतं तरी मी तिला दाराच्या आत घेतलं नसतं.

खोलीत मोठी लाकडी पेटी, पुढं जाळी. तळाला माती नको, टाक्यांत जाईल, म्हणून वर्तमानपत्रं. एका कोपऱ्यात कड फुटलेला डेरा पालथा, लपायला. पाण्याचं पसरट भांडं. एका टोकाला पेटीच्या बाहेरून चाळीसचा बल्ब, म्हणजे ते टोक उबदार आणि दुसरं गार. कुठं बसायचं ते तिनं ठरवायचं. पहिल्या दिवशी ती तडक बल्बाच्या बाजूच्या कोपऱ्यात गेली आणि चार दिवस हलली नाही.

ते चार दिवस मला फार जड गेले. डॉक्टरांची सूचना एकच होती. इंजेक्शन आणि जखमेचं मलम सोडून हात लावायचा नाही. उघडून बघायचं नाही, खोलीत बोलत उभं राहायचं नाही. धडपडली की टाके तुटतात, आणि घाबरलेला साप आतूनच खचत जातो. माझी सगळी नोकरी पेशंटच्या जवळ जाण्यात गेली. कपाळावर हात ठेवायचा, कूस बदलायची, घोट-घोट पाणी पाजायचं. इथं सेवा म्हणजे दार लोटून बाहेर बसणं. मी गोठ्यात पाटावर बसायची आणि जाळीतून बघायची. तिची डावी कूस फुगायची, बसायची. एका मिनिटाला किती, ते लिहायची. दुसरं काही हातात नव्हतं.

तसं बसलेलं असताना एक जुनी पेशंट आठवायची. पावसाळ्यातली रात्र, जमिनीवर झोपलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठली. ना सूज, ना जखम. आमच्याकडे आणली तेव्हा पापण्या मिटत चालल्या होत्या. मण्यारीचा दंश तसाच असतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही. बघता बघता हात, पाय, छाती, सगळं बंद पडलं. व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता, आणि पुराचं पाणी रस्त्यावर. डॉक्टरांनी नळी घातली आणि आम्ही अंबू बॅग, हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबायला घेतली. दोन रात्री आणि मधला दिवस. आळीपाळीनं मी, दुसरी सिस्टर, वॉर्डबॉय, तिचा दीर. तिचे डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं. बघणाऱ्याला वाटावं, संपलं. पण मण्यारीच्या विषात माणूस आत जागा असतो, हे आमच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. म्हणून मी तिच्याशी बोलत राहिले. पाऊस थांबलाय, तुझी पोरगी आजीपाशी झोपलीय, आता सकाळ झाली. तिसऱ्या दिवशी तिनं पापणी हलवली. घरी जाताना म्हणाली, "सिस्टर, सगळं ऐकू येत होतं."

म्हणून मुक्या पेशंटची मला भीती वाटत नाही. पण या मुक्या पेशंटशी बोलूनही उपयोग नव्हता. सापाला आपलं बोलणं कळत नाही, जमिनीतून पाऊल मात्र लगेच कळतं. मग मी चपला दाराबाहेर काढून, टाचा न आपटता जायला शिकले.

आठव्या दिवशी मला चावली. मलम लावताना भाच्याची पकड सैल झाली आणि मनगटाजवळ तिनं तोंड घातलं. सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रांची कमान, रक्त भळाभळा. धामण बिनविषारी. साबणानं धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. त्या रात्री केस पेपरवर लिहिलं: 'जोर चांगला.' मला खरंच आनंद झाला होता. त्याच दिवशी तिचा आवाजही पहिल्यांदा ऐकला. मान फुगवून धामण गुरगुरते. फुत्कार वेगळा, हा आवाज खोल, घशातून येणारा, लांब कुठंतरी मोटार चालू असावी तसा.

आता त्या पोराबद्दल.

रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास परड्याच्या फाटकाशी मोटारसायकल थांबायची. आत यायचा नाही. "काकू, आज कशी आहे?" एवढं विचारायचा आणि जायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी उजेडात त्याचा चेहरा नीट दिसला आणि मी ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या बापाला आमच्याकडे आणलं होतं. घोणस. उसाला पाणी पाजताना घोट्याला चावलेली. आधी देवऋषीकडे चार तास गेले, मग आमच्याकडे. मी कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि वीस मिनिटं तशीच उभी ठेवली. चांगलं रक्त वीस मिनिटांत गोठतं, नळी आडवी केली तरी सांडत नाही. त्याच्या बापाचं पाण्यासारखं वाहिलं. सर्पविषावरच्या लशीच्या बाटल्या विरघळवायला घेतल्या. ती पावडर जोरात हलवायची नसते, फेस होतो, हातात धरून हळूहळू फिरवावी लागते. बाहेर माणूस जात असताना हात सावकाश फिरवत ठेवणं, यासारखी परीक्षा नाही. तो वाचला नाही. हा पोर तेव्हा दहावीत होता. वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उभा होता, रडतही नव्हता.

आपल्या देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं बारा लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. मी त्यातली काही जवळून पाहिली. नातेवाईक कितीदा तरी पेशंटबरोबर मारलेला साप पोत्यात घालून आणत. पोतं उघडलं की निम्म्या वेळा आत धामण नाहीतर तशीच बिनविषारी दिवड निघायची. चावणारी निसटलेली असायची आणि वाटेत दिसलेली ही मारली गेलेली असायची. मी कधी बोलले नाही. ज्याचा माणूस आत तडफडतोय त्याला काय बोलणार?

म्हणून या पोराला एकदा विचारलंच. ट्रॅक्टर का थांबवलास? तो बराच वेळ हँडलवरची माती नखानं काढत राहिला. म्हणाला, "आबा गेले तवा मी वर्षभर दिसंल तो साप मारला, काकू. मग एकदा सरांनी शाळेत चार सापांची चित्रं लावली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मी मारलेल्यात यातलं एकबी नव्हतं. समद्या धामणी." आणि गाडीला किक मारून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो उंदीर आणायला लागला. पिंजऱ्यात धरलेले. औषध घालून मारलेला उंदीर चालत नाही, ते विष सापाच्या पोटात जातं. तो ते सांगायच्या आधीच समजून होता. पहिले पंधरा दिवस तिला काही द्यायचं नव्हतंच. साप आठवडेच्या आठवडे उपाशी काढू शकतो, आणि फाटलेल्या अंगात भक्ष्य गेलं तर टाके ताणतात. सोळाव्या दिवशी भाच्यानं मेलेला लहान उंदीर डेऱ्यापाशी ठेवला. तिनं बघितलं नाही. विसाव्याला ठेवला, तोही तसाच. वजन एक किलो एकशे चाळीसवरून एक किलो वीसवर आलं होतं. मला झोप लागेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आजारी माणूस तरी पहिल्या हाकेला जेवतं का?"

चोविसाव्या दिवशी, सकाळी दहाची वेळ. धामण दिवसाचं जनावर. मी जाळीशी श्वास धरून बसले होते. डेऱ्याच्या फुटक्या कडेतून डोकं आलं. जीभ उंदरावर दोनदा, तीनदा फिरली. मग एकदम धरलं. सापाचा जबडा निखळतो असं मी लहानपणापासून ऐकत आले. तसं काही नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं पुढं एकमेकांना घट्ट जुळलेली नसतात, मध्ये ताणणारा बंध असतो. त्यामुळे उजवी बाजू जरा पुढं, मग डावी, मग उजवी. जणू तोंडच भक्ष्यावर पावलं टाकत चालत जातं. वरच्या ओठावरच्या काळ्या उभ्या रेषा एकेक करून फाकत गेल्या. सहा-सात मिनिटं लागली. नंतर तिनं मोठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवला आणि आत गेली. मी बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं, "जेवली." त्यांनी देवापुढं साखर ठेवली. पाचव्या दिवशी शी झाली, टोकाला खडूसारखा पांढरा भाग. तीच त्यांची लघवी. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांनाही तेवढाच आनंद.

नाव सासूबाईंनी ठेवलं. नागपंचमीची कहाणी त्या दरवर्षी सांगतात. माहेर नसलेली धाकटी सून, तिला मामा होऊन न्यायला आलेला नाग. नागीण बाळंत होताना ही दिवा धरून उभी असते. वळवळणारी पिल्लं बघून भिते, हातातला दिवा पडतो, पिल्लांच्या शेपट्या जळतात. मोठी झाल्यावर ती सूड घ्यायला येतात. ही पाटावर नाग काढून पूजा करत असते आणि म्हणत असते, माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा असतील तिथं सुखी असोत. ते ऐकून त्यांचा राग जातो. डॉक्टरांनी तपासून मादी आहे असं सांगितलं होतं, पण सासूबाईंच्या हिशेबी शेपूट गेलेला तो लांडोबाच. दुसऱ्या एका कहाणीत तर शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिल्लं मरतात. लहानपणी मी हे ऐकताना पुढं काय होतं तेवढंच बघायची. या वर्षी पहिल्यांदा तो फाळ डोळ्यांसमोर आला. कहाणी रचणाऱ्या बायकांनी नांगरटीत कापली गेलेली पिल्लं पाहिली असणार. नागपंचमीला जमीन खणायची नाही, चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, हे उगीच नाही आलं.

महिन्याभरानं डोळे दुधाळ झाले. निळसर, मोतीबिंदू झाल्यासारखे. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि कात टाकायच्या आधी तो धुरकटतो. चार दिवसांनी डोळे परत स्वच्छ झाले आणि त्यानंतर तिसऱ्या रात्री कात निघाली. पण सलग नाही. टाक्यांच्या जागी अडकून फाटली, तो तुकडा ओल्या फडक्यानं भिजवून सोडवावा लागला. जखमी साप लवकर लवकर कात टाकतो, डॉक्टर म्हणाले होते. दुसरी कात त्यानंतर तीन आठवड्यांनी. ही ओठापासून तुटक्या शेपटीपर्यंत अखंड, मोजा उलटा काढावा तशी. मी ती उजेडात धरली. खवल्यांची जाळी नीट, आणि मध्येच चार बोटं जागा अशी की तिथं खवले वाकडेतिकडे, लहानमोठे, घाईनं लिंपल्यासारखे. दोन्ही बाजूंना टाक्यांची भोकं. डॉक्टरांनी दोन दिवसांनी टाके काढले.

त्याच आठवड्यात नागपंचमी आली. बत्तीस शिराळा आमच्यापासून लांब नाही. जिवंत नागाच्या पूजेवर उच्च न्यायालयाची बंदी यायच्या आधी, लहानपणी, वडिलांच्या खांद्यावर बसून मी तिथली मिरवणूक पाहिली आहे. गावात कुणकुण होतीच. सकाळी आठ-दहा बायका ताटं घेऊन परड्यात. लाह्या, दूध, हळदकुंकू. "नुसतं लांबून ओवाळतो गं." मी नाही म्हणाले. साप दूध पीत नाही, ते त्याच्या पचनातलंच नाही. आणि ओवाळलेलं त्याला दिसणार ते संकट म्हणून. एकदोघींना राग आला. सासूबाई पुढं झाल्या. म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत गर्दी करता का? चला, वारुळाला जाऊ." त्या दिवशी पुरणाची दिंडं झाली, आणि खोलीचं दार दिवसभर लोटलेलं राहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर आणि वनरक्षकांनी मिळून ठरवलं. वजन एक किलो एकशे नव्वद. सोयाबीन गुडघ्याएवढं आलेलं, आडोसा भरपूर. साप जिथला तिथंच सोडायचा, म्हणून त्याच शेताचा बांध. शेतमालकाला आधी विचारलं होतं. तो पोर मोटारसायकल लांब लावून चालत आला.

भाच्यानं पिशवीचं तोंड बांधावर सोडलं. ती लगेच बाहेर आली नाही. आधी जीभ, मग डोकं हातभर उंच. वारं सोयाबीनवरून येत होतं. मग निघाली. जखमेची जागा गवतावरून जाताना अंग तिथं जरा कमी वाकत होतं, हे माझ्या लक्षात आलं, आणि पोराच्याही. तो हळूच म्हणाला, "तिथं आखडतंय." मी म्हटलं, हो, तेवढं राहणार. बोरीच्या बुडाशी दगडांत एक बीळ होतं. ती त्याच्यापुढून गेली, थांबली, वळली आणि आत शिरली. आखूड, बोथट शेपूट थोडा वेळ बाहेर दिसत होतं. मग तेही गेलं. आम्ही पाचजण तसेच उभे. कुणी बोललं नाही.

वनरक्षकांनी त्यांच्या नोंदवहीत लिहिलं, आम्ही सह्या केल्या. घरी येऊन मी डेरा धुतला, वर्तमानपत्रं जाळली, बल्ब काढून ठेवला. मग केस पेपर पुढं घेतला. शेवटच्या ओळीत हातानं आपोआप लिहिलं, जे एकतीस वर्षं लिहिलं: 'सुधारून घरी.' त्याच्या शेजारी 'पुन्हा दाखवण्याची तारीख' असा रकाना मी सवयीनं आखला होता. तो कोरा ठेवला.